मराठी विकिपीडियावर एकत्र काम करताना: चर्चा, सूचना आणि टीका यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. लेख कसा लिहायचा, संदर्भ कसा द्यायचा, हे सांगणारी सहाय्य पाने तिथे भरपूर आहेत. नवे संपादक मात्र बहुतेक वेळा अडतात ते दुसऱ्या माणसापाशी. कोणी त्यांचे वाक्य काढलेले असते, कोणी लेखावर साचा, म्हणजे इशाऱ्याची तयार चौकट, लावलेला असतो, कोणी चर्चा पानावर खवचट लिहिलेले असते. म्हणून ही प्रश्नोत्तरे माणसांबद्दलची आहेत. उत्तरे अनुभवी संपादकाच्या नजरेतून दिली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी मतेही येतील.

मी लिहिलेला मजकूर कोणीतरी बदलला. मला विचारले का नाही?

कारण इथे विचारून बदलायची पद्धतच नाही. वाईच्या विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव छापलेले असते. इथे लेखाखाली कोणाचेच नाव नसते, प्रत्येकाचा वाटा ‘इतिहास’ या पानावर नोंदलेला असतो. प्रकाशित करायचे बटण दाबताना तुम्ही तो मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली देता आणि तो बदलण्याची मुभा त्याच क्षणी सगळ्या जगाला मिळते.

तरीही ‘का बदलला’ हे विचारायचा तुम्हाला पुरता हक्क आहे. त्याआधी दोन मिनिटे इतिहासात घालवा. तुमची आवृत्ती आणि त्यानंतरची आवृत्ती निवडून तुलना केली की नेमका कोणता शब्द गेला, कोणता आला ते समोरासमोर दिसते. शेजारी संपादन सारांशाची एक ओळ असते. निम्म्या वेळा उत्तर त्या ओळीतच मिळते: ‘संदर्भ नाही’, ‘वृत्तपत्रातून जसेच्या तसे’, ‘शुद्धलेखन’. सारांश रिकामा असेल तर मात्र बदल करणाऱ्याची चूक आहे, आणि तसे त्याला सांगायला हरकत नाही.

चर्चा पान, सदस्य चर्चा आणि चावडी यांत फरक काय? कुठे काय लिहायचे?

लेखातल्या मजकुराबद्दल बोलायचे असेल तर त्या लेखाचे चर्चा पान. एखाद्या संपादकाशी त्याच्या कामाबद्दल बोलायचे असेल तर त्याचे सदस्य चर्चा पान. सगळ्यांशी संबंध येणारी गोष्ट असेल, म्हणजे धोरण, एखादा मोठा उपक्रम किंवा अनेक लेखांना लागू होणारा नियम, तर चावडी.

सर्वात जास्त घोळ पहिल्या दोहोंत होतो. लेखातल्या आकड्याबद्दलचा वाद कोणाच्या तरी सदस्य चर्चेवर रंगतो आणि सहा महिन्यांनी तिसरा संपादक तोच आकडा पुन्हा बदलतो, कारण लेखाच्या चर्चा पानावर काहीच नसते. लेखाची गोष्ट लेखापाशीच ठेवा. समोरच्याला कळवायचे असेल तर चर्चा पानावर लिहिताना त्याच्या सदस्यनामाचा दुवा द्या आणि त्याच संपादनात सही करा, म्हणजे त्याला सूचना जाते. सही नंतर वेगळी जोडली तर सूचना जात नाही. हे माहीत नसल्यामुळे ‘मी बोलावले, तो आला नाही’ असे रुसवे झालेले आहेत.

सही कशी करायची?

संदेशाच्या शेवटी चार वेळा ~ चिन्ह. ‘उत्तर द्या’ या दुव्यावरून लिहिले तर सही आपोआप होते. लेखात मात्र कधीही सही करू नका.

दुसऱ्याच्या लेखाबद्दल सूचना द्यायची आहे. कशी लिहू?

ज्याला ती वाचून लगेच कामाला लागता येईल, अशी. एक उदाहरण घेऊ. समजा, कळसूबाई शिखराच्या लेखात कोणी असे लिहिले आहे: ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वात उंच व अतिशय नयनरम्य शिखर असून त्याची उंची 5400 मीटर आहे. प्रत्येक ट्रेकरने आयुष्यात एकदा तरी इथे यायलाच हवे.’

यावर चर्चा पानावर एकजण लिहितो, ‘लेख फारच सुमार आहे. विकिपीडियाच्या दर्जाचा नाही. सुधारावा.’ असे लिहिणाऱ्याला काम केल्यासारखे वाटते, वाचणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. कुठे, काय, कसे, काहीच कळत नाही. राहतो तो फक्त अपमान.

दुसरा लिहितो: ‘पहिल्या परिच्छेदात उंची 5400 मीटर दिली आहे. हा आकडा फुटांतला असावा, मीटरमध्ये 1646 येतात. संदर्भ जोडून दुरुस्त करावे. शेवटचे वाक्य प्रवासवर्णनात शोभेल, इथे काढावे असे वाटते. त्याऐवजी शिखर कोणत्या तालुक्यात आहे आणि वाट कुठल्या गावातून जाते, हे संदर्भासह लिहिता येईल का?’ यात चूक कुठे आहे ते कळते, ती तशी का झाली असावी याचा अंदाज मिळतो आणि पुढे काय करायचे तेही सुचवलेले असते. लिहिणारा अडाणी आहे असे कुठेही म्हटलेले नाही. तो नाहीच, त्याने फक्त एकक चुकवले आहे.

तिसराही एक असतो. तो चर्चा पानावर काही न लिहिता आकडा दुरुस्त करतो, सारांशात ‘फूट-मीटर गोंधळ दुरुस्त, संदर्भ जोडला’ एवढे टाकतो आणि पुढे जातो. खरे सांगायचे तर अशा सरळ चुकांसाठी तिसराच सर्वात उपयोगी. मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणारे हात मोजके आहेत. जे स्वतः एका मिनिटात करता येते त्यावर चार ओळींची सूचना लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर काम टाकणे. चर्चा राखून ठेवा ती जिथे दोन मते खरोखर संभवतात तिथे.

कौतुक करावे की नको?

जरूर करा. इतिहासात प्रत्येक संपादनापुढे धन्यवाद देण्याचा दुवा असतो, एका टिचकीचे काम आहे. शिवाय कोणी मोठे काम केले असेल तर त्याच्या चर्चा पानावर गौरवाचे चिन्ह देतात. मराठी माणूस चूक दाखवायला तत्पर आणि शाबासकी द्यायला जरा आखडता, हे इथेही दिसते. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात तीन साचे आणि शून्य धन्यवाद मिळाले तर तो चौथा लेख लिहायला थांबत नाही.

मी स्वतःच नवीन आहे. जुन्या संपादकाला सूचना देण्याचा मला अधिकार आहे का?

आहे. संपादनसंख्या म्हणजे सेवाज्येष्ठता नव्हे. तुमच्याकडे पान क्रमांकासह पुस्तकाचा संदर्भ असेल आणि समोरच्याकडे नुसती आठवण असेल, तर त्याची वीस हजार संपादने तुमच्या एका संदर्भापुढे उणी पडतात. संदर्भ इंटरनेटवरच असायला हवा असेही नाही. ग्रंथालयातले छापील पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ एवढे नीट दिले की पुरे. तालुक्याच्या ठिकाणच्या वाचनालयात बसून लिहिलेले कितीतरी संदर्भ जालावर कुठेच सापडत नाहीत, आणि तेच सर्वात मोलाचे असतात.

माझे संपादन परतवले, म्हणजे रद्द करून आधीची आवृत्ती आणली. मी पुन्हा घातले. त्याने पुन्हा परतवले. आता?

आता थांबा. इंग्रजी विकिपीडियावर 24 तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा परतवणाऱ्याला रोखता येते. आकडा काहीही असो, दुसऱ्या फेरीनंतर जो चर्चा पानावर पहिल्यांदा येतो त्याची बाजू बघणाऱ्यांना समजूतदार वाटते, हे व्यवहाराने खरे आहे.

चर्चा पानावर आलात की ‘तुम्ही माझे संपादन का उडवले’ असे सुरू करू नका. वाक्य उद्धृत करा, त्याला कोणता संदर्भ आहे ते द्या, आक्षेप नेमका कशाला आहे ते विचारा. दोन विश्वासार्ह संदर्भ वेगवेगळे सांगत असतील तर लेखात दोन्ही मते ज्याच्या त्याच्या नावावर द्यायची असतात. कोणाचे खरे हा निवाडा आपण करायचा नाही. लेखात लिहायचे ते कोणी काय म्हटले आहे एवढेच. हे एकदा मान्य केले की निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी तिसऱ्या संपादकाला मत विचारा, तेही चावडीवर, उघडपणे.

शीर्षकावरून इतके वाद का होतात?

कारण शीर्षक एकच असते आणि मते अनेक. मजकुरात ‘यास अमुक असेही म्हणतात’ अशी सोय असते, शीर्षकात नसते.

याचे तीन प्रकार पडतात. पहिला, सरकारी नामांतर. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव 2023 मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर 2024 मध्ये. यातून फक्त एका पानाचे स्थानांतरण होत नाही. तालुके, गावे, नद्या, किल्ले यांच्या शेकडो लेखांत जिल्ह्याचे नाव आहे. वर घेतलेले कळसूबाई हेही अकोले तालुक्यातले, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले. अशा वेळी उत्साहाच्या भरात शोधा-बदला करणारे लोक निझामाच्या काळातल्या वाक्यातही नवे नाव घालतात किंवा 1990 साली छापलेल्या पुस्तकाचे शीर्षकच ‘दुरुस्त’ करतात. आजच्या प्रशासनाबद्दलच्या वाक्यात आजचे नाव, इतिहासाच्या वाक्यात गरजेप्रमाणे ‘तत्कालीन’, आणि उद्धरणात व ग्रंथनामात काडीचाही बदल नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

दुसरा प्रकार लेखनभेदाचा. जोतीराव की ज्योतिराव, कराड की कऱ्हाड, बंगळूर की बंगळूरू. इथे ‘आमच्याकडे असेच म्हणतात’ हा मुद्दा चर्चेची सुरुवात म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. स्वतः त्या व्यक्तीची सही, समकालीन छापील साहित्य, आजचे प्रमाण ग्रंथ, अशा क्रमाने शोधा. एक लेखन शीर्षकात जाईल, बाकीच्यांची पुनर्निर्देशने करा, म्हणजे वाचक कुठूनही आला तरी पोहोचतो. पुनर्निर्देशन फुकट असते. त्यावरून भांडणारा माणूस मात्र अजून भेटायचा आहे.

तिसरा प्रकार उपाध्यांचा आणि तो सर्वात नाजूक. शीर्षकात छत्रपती, महात्मा, संत, डॉक्टर, साहेब घालावे का? सर्वसाधारण कल असा की पदव्या आणि उपाध्या शीर्षकात नसाव्यात. पण काही नावे उपाधीशिवाय मराठी कानाला उघडी वाटतात, आणि ज्या रूपात ती रूढ आहेत त्याच रूपात वाचक ती शोधतो. या चर्चेत ‘तुम्हाला आदर नाही’ हे वाक्य आले की चर्चा संपली म्हणून समजा. कोणाचाही आदर मोजण्याचे यंत्र विकिपीडियाकडे नाही. आधीची चर्चा चर्चा पानाच्या जुन्या नोंदींत शोधा. बहुधा तुमचा मुद्दा पाच वर्षांपूर्वी कोणीतरी मांडलेला असतो.

व्यक्तीबद्दल लिहिताना ‘तो’ की ‘ते’?

हा खास आपला प्रश्न, इंग्रजीतून येणाऱ्या मार्गदर्शक पानांत त्याचे उत्तर नाही. क्रिकेटपटूच्या लेखात ‘हा भारतीय फलंदाज आहे’ आणि आमदाराच्या लेखात ‘हे राजकारणी आहेत’ असे सर्रास दिसते. वर्तमानपत्रांतही तीच रीत आहे. समाजसुधारकांना बहुवचन, नटाला कधी एकवचन, कधी बहुवचन. संतांच्या बाबतीत तर एकवचन हीच जवळीक असते, ‘तुका म्हणे’ म्हणणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

माझे मत असे की पूर्ण संकेतस्थळभर एकच नियम लादण्याच्या भानगडीत पडू नये, पण एका लेखात एकच रूप असावे. पहिल्या परिच्छेदात ‘ते जन्मले’ आणि चौथ्यात ‘त्याने लग्न केले’ असे असेल तर चर्चा न करता सारखे करून टाका. संपूर्ण लेखाचे रूप बदलायचे असेल तर आधी विचारा. आणि कोणी एकवचन वापरले म्हणून त्याचा हेतू वाईट असे समजू नका. बऱ्याचदा तो मजकूर इंग्रजीतून भाषांतरित झालेला असतो.

भाषांतर साधनाने केलेल्या लेखावर लोक इतके का चिडतात?

कारण ते न वाचता प्रकाशित केलेले असतात. साधन वाईट नाही. परिच्छेद शेजारी-शेजारी दिसतात, दुवे आणि संदर्भ जागेवर येतात, पुष्कळ मेहनत वाचते. पण यंत्राने दिलेले वाक्य तसेच ठेवले तर ‘त्याने आपली पदार्पण केले’ असला मजकूर ज्ञानकोशात जाऊन बसतो. मग तो दुसऱ्या कोणाला तरी ओळ न् ओळ तपासावा लागतो, आणि तो दुसरा मुळात फुकट काम करणारा आहे.

सूचना देताना ‘गुगल भाषांतर, पान काढा’ असे लिहिण्याऐवजी त्यातले एक वाक्य घ्या, ते कसे व्हायला हवे होते ते लिहून दाखवा आणि बाकीचा लेख सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे त्याच्या सरावाच्या पानावर, हलवून ‘इथे नीट करून परत आणा’ म्हणा. लेख लिहिणाऱ्यासाठी एकच कसोटी: मोठ्याने वाचून पाहा. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडून पुन्हा लिहा.

माझ्या लेखावर वगळण्याचा साचा लागला आहे. हा माझ्याविरुद्ध डाव आहे का?

नाही. साचा लावण्याला कारण दिलेले असते, ते वाचा. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक: मजकूर दुसरीकडून उचललेला, विषयाची उल्लेखनीयता (त्यावर स्वतंत्र लेख असण्याजोगे महत्त्व) दाखवणारे संदर्भ नाहीत, किंवा जाहिरात. पहिल्या कारणाला तोडगा नाही, तो मजकूर जायलाच हवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे प्रताधिकार असतो, आणि वृत्तपत्रातली कालची बातमी ‘सगळ्यांनी वाचली आहे’ म्हणून मोकळी होत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश प्रताधिकारमुक्त आहे, कारण ते 1937 मध्ये वारले. पण त्यातून घेतानाही स्रोत सांगायचा आणि शंभर वर्षांपूर्वीची विधाने आजची म्हणून छापायची नाहीत.

दुसऱ्या कारणाला उत्तर आहे: संदर्भ आणा. साचा स्वतः काढून टाकू नका, चर्चा पानावर बाजू मांडा. लेख वगळला गेलाच तर मजकूर कायमचा नाहीसा होत नाही, प्रचालकांना (पाने वगळण्यासारखे जादा अधिकार असलेल्या संपादकांना) तो दिसतो. प्रताधिकाराचा प्रश्न नसेल तर सुधारण्यासाठी तो तुमच्या सदस्य उपपानावर मागून घेता येतो.

स्वतःवर, वडिलांवर किंवा आमच्या संस्थेवर लेख लिहिला तर?

लिहू नका. फारच वाटत असेल तर चर्चा पानावर माहिती आणि संदर्भ ठेवा, दुसऱ्या कोणाला लिहू द्या. यासाठी पैसे मिळत असतील तर ते उघड करणे विकिमीडियाच्या वापरअटींनुसार 2014 पासून बंधनकारक आहे. निवडणुका जवळ आल्या की ‘कार्यसम्राट’ आणि ‘युवकांचे आशास्थान’ असलेले लेख पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात. ते ओळखायला फार वेळ लागत नाही.

सांगकाम्याने (आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे बॉटने) माझ्या लेखात बदल केला, पण आधीचे आणि नंतरचे तर अगदी सारखेच दिसते!

दिसते सारखे, असते वेगळे. ‘वऱ्हाड’ मधला ऱ्ह संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह, किंवा खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्याला फरक कळत नाही, शोध घेणाऱ्या यंत्राला कळतो. त्यामुळे लेख असूनही सापडत नाही आणि त्याच नावाचा दुसरा लेख तयार होतो. असले बदल सांगकाम्यांकडूनच होऊ द्यावेत. ते चुकले तर सांगकाम्या चालवणाऱ्या सदस्याच्या चर्चा पानावर कळवा, सांगकाम्याशी भांडून उपयोग नाही.

एका प्रस्तावावर कौल, म्हणजे सदस्यांची मते मागवणे, सुरू आहे. मित्रमंडळींना व्हॉट्सॲपवर बोलावू का?

नको. कौल हा डोकी मोजण्याचा खेळ नाही, मांडलेल्या कारणांना वजन असते. काल खाते उघडून आज ‘पाठिंबा’ एवढेच लिहिणारी पंधरा नावे आली तर ती बाजू उलट कमजोर होते. दुसरे खाते काढून स्वतःलाच पाठिंबा देणाऱ्यांवर तर सरळ बंदी येते.

कोणी शिवीगाळ केली, जातीवरून बोलले तर?

उत्तर देऊ नका. त्या संपादनाचा दुवा प्रचालकांना द्या. विकिमीडिया प्रतिष्ठानची सार्वत्रिक आचारसंहिता सगळ्या भाषांतल्या विकींना लागू आहे, मराठीलाही. गरज पडल्यास प्रचालक ती आवृत्ती लपवू शकतात. खाजगी माहिती उघड केली असेल तर तेही चावडीवर न सांगता खाजगीत कळवा, नाहीतर तक्रारीमुळेच ती अधिक पसरते.

प्रचालक म्हणजे पगारी अधिकारी नव्हेत हेही लक्षात असू द्या. तेही नोकरी, घर सांभाळून बसलेले स्वयंसेवक आहेत. रात्री अकराला केलेल्या तक्रारीवर सकाळपर्यंत काही झाले नाही म्हणजे ते सामील आहेत असे नाही.

आमच्या महाविद्यालयात मराठी भाषा गौरव दिनाला कार्यशाळा घ्यायची आहे. काय काळजी घ्यावी?

सर्वात आधी खाती. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. चाळीस विद्यार्थी एका प्रयोगशाळेत बसवले की सातव्यापासून सगळे अडकतात आणि अर्धा तास त्यातच जातो. मुलांना आदल्या दिवशी घरून, मोबाईलवरून खाती काढायला सांगा किंवा मर्यादा उठवण्याची विनंती आधीच करा.

दुसरे, टंकलेखन. विकिपीडियाच्या चौकटीतच मराठी टंकलेखनाची सोय आहे, कंट्रोल आणि एम दाबून ती चालू-बंद होते.

तिसरे, नवे लेख लिहायला लावू नका. आपापल्या गावाच्या लेखात एक संदर्भासह वाक्य, एवढेच काम द्या. कार्यशाळेची सूचना चावडीवर आधी टाकली तर त्या दिवशी येणाऱ्या संपादनांकडे जुने लोक वेगळ्या नजरेने पाहतात. नाहीतर एकाच दुपारी चाळीस नवखी खाती दिसल्यावर ते उत्पात समजून सगळे परतवत सुटतात.

मला संपादन करायचे नाही, फक्त चूक कळवायची आहे. अभिप्रायाचा रकाना का नाही?

इंग्रजी विकिपीडियावर लेखाखाली तसा रकाना काही वर्षे होता. आलेल्या अभिप्रायांतले बहुतेक निरुपयोगी निघाले, ते चाळण्याचा भार संपादकांवर पडला आणि तो बंद झाला. चर्चा पानावर दोन ओळी लिहा, तेवढे पुरते.

चर्चा पानावर लिहून महिना झाला. कोणीच उत्तर देत नाही.

असे पुष्कळदा होईल. ज्या लेखावर कोणाचा पहारा नाही, म्हणजे बदल कळावेत म्हणून कोणी तो आपल्या सूचीत घेतलेला नाही, त्याच्या चर्चा पानावर लिहिलेले कोणाच्याच पहाऱ्याच्या सूचीत येत नाही. इतिहास उघडा, गेल्या वर्षभरात तिथे काम केलेल्या एक-दोघांना दुवा देऊन बोलवा. तरी शांतता असेल तर चावडीवर एक ओळ टाका. आठवडाभरात तिथेही कोणी हरकत घेतली नाही, तर तुमच्या सूचनेप्रमाणे बदल स्वतःच करा आणि सारांशात लिहा, ‘चर्चा पान पाहावे’.